खोबरेल खाणारे ससे आणि पेडण्याची उडदामेथी

गोव्यात पेडणे किंवा डिचोलीतल्या घरात बांगड्यांची उडदामेथी करायची असली की आधी थोड्याशा तेलात उडदाची डाळ आणि मेथीचे दाणे परततात. डाळ तांबूस होते, मेथीचा कडवट-खमंग वास माजघरापर्यंत जातो. मग ओल्या नारळाचा चव, सुक्या मिरच्या, हळद आणि चिंच यांच्याबरोबर ते सगळं बारीक वाटायचं. पेडण्यात ही मिरची हरमलची असेल तर उत्तमच, तिला आता भौगोलिक मानांकनही आहे. वाटप उकळलं की त्यात बांगडे सोडायचे. मासळी नसेल त्या दिवशी आंबाडे आणि गुळाचा खडा.

या एका कालवणातले तीन घटक, म्हणजे नारळ, उडीद आणि मेथी, प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांपर्यंत जाऊन आले आहेत. फिलाडेल्फियात, तिरुवनंतपुरमला, हैदराबादला. ज्यांनी हे प्रयोग केले त्यांच्यातल्या कुणाच्या डोळ्यांसमोर उडदामेथी नव्हती. कुणी सशांना खोबरेल खाऊ घालत होता, कुणी पांढऱ्या उंदरांना उडदातला चोथा. पण ते सगळे प्रयोग शेजारी ठेवून वाचले की एक विलक्षण गोष्ट दिसू लागते: तेलातुपाने धमन्यांचं काय होईल, हे त्या तेलातुपासोबत पोटात आणखी काय गेलं यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. स्निग्ध पदार्थाला संगत लागते आणि संगतीप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो.

गोष्ट सशांपासूनच सुरू करावी लागते. 1913 साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत निकोलाय अनिच्कोव आणि सेम्यॉन खालातोव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातलं. काही आठवड्यांतच सशांच्या महाधमनीच्या आतल्या बाजूला चरबीचे थर साचले. ते माणसाच्या धमन्यांत साचतात तशा थरांशी बरेच मिळतेजुळते होते. धमन्या कठीण होणं हा केवळ म्हातारपणाचा भाग, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. खाण्यातल्या एका पदार्थाने हा रोग घडवून आणता येतो, हे इथे प्रथम स्पष्ट दिसलं. पण लगेच शंका निघाली. ससा पाला खाणारा प्राणी, त्याच्या पोटात निसर्गतः कोलेस्टेरॉल जातच नाही. त्याला ते खाऊ घातलं तर बिघाड होणारच, त्यात नवल काय? शिवाय हाच प्रयोग पांढऱ्या उंदरांवर केला तर त्यांच्या धमन्यांना फारसं काही होत नव्हतं.

पुढे 1950च्या दशकात एक कोडं समोर आलं, आणि त्यात नारळ आहे. संशोधकांनी सशांना कोलेस्टेरॉल अजिबात दिलं नाही. फक्त असं खाद्य दिलं की ज्यातला प्रत्येक घटक वेगळा शुद्ध केलेला होता: दुधातलं केसीन हे प्रथिन, साखर, क्षार, जीवनसत्त्वं, आणि स्निग्ध म्हणून खोबरेल. सशांच्या धमन्या बिघडल्या. खोबरेलातली 90 टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त असतात, लोण्यातल्यापेक्षाही जास्त. म्हणजे दोष खोबरेलाचा, असं म्हणून फाईल बंद करता आली असती. पण दुसऱ्या प्रयोगशाळांमधून उलट बातम्या येत होत्या. तिथे सशांच्या नेहमीच्या, बाजारात मिळणाऱ्या खाद्यात संपृक्त चरबी मिसळून दिली होती आणि सशांना काहीही झालं नव्हतं.

डेव्हिड क्रिचेव्स्की नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत काम करत. तेव्हापर्यंतचे असे सगळे प्रयोग त्यांनी एकत्र वाचले, आणि त्यांच्या मनात आलेला प्रश्न मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. सगळे जण तेलाकडे बघत होते. त्यांनी तेल सोडून बाकीच्या खाद्याकडे पाहिलं. नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो, धान्याचा कोंडा असतो, म्हणजे भरपूर चोथा असतो. शुद्ध घटकांच्या खाद्यात यातलं काहीच नसतं. 1965 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शर्ली टेपर यांनी हायड्रोजनेटेड खोबरेल दोन्ही प्रकारच्या खाद्यांतून सशांना देऊन पाहिलं. शुद्ध घटकांच्या खाद्यातून दिलं तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलं, धमन्यांत थर साचले. नेहमीच्या खाद्यातून दिलं तेव्हा तसं झालं नाही. खोबरेल तेच, ससे त्याच जातीचे.

ते तिथेच थांबले नाहीत. नेहमीच्या खाद्यातला स्निग्धांश वेगळा काढून उरलेला कोरडा भाग त्यांनी तपासला, आणि सशाचं रक्षण करणारा गुण त्या कोरड्या, तंतुमय भागात सापडला. पुढच्या वर्षांत आणखी एक बारकावा कळला. चोथा म्हणजे सगळा एकच नव्हे. शुद्ध सेल्युलोज, म्हणजे कागद ज्याचा बनतो तो पदार्थ, फारसा कामाचा ठरला नाही; लसूणघास आणि गव्हाचं काड त्याच्यापेक्षा सरस ठरले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे अर्ध्या शतकाने चोथ्याकडे दुर्लक्ष करण्याची चूक जगभरच्या प्रयोगशाळांनी पुन्हा केली.

पण चोथा हे करतो तरी कसं? तो तर पचत नाही, रक्तात जात नाही. मग आतड्यातून जाता जाता धमन्यांपर्यंत त्याचा हात कसा पोचतो?

पहिला मार्ग पित्तातून जातो. शरीराला कोलेस्टेरॉल जाळून टाकता येत नाही. ते बाहेर टाकायची मोठी वाट एकच, यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात उतरून तेलाचे बारीक थेंब करतात, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे 95 टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. हे चक्र दिवसातून अनेकदा फिरतं. शरीर इतकं काटकसरी आहे की एकदा बनवलेलं पित्ताम्ल ते सहजासहजी सोडत नाही. आता आतड्यात मेथीच्या दाण्यातला डिंकासारखा चोथा आहे असं समजा. मेथी रात्रभर भिजवली की बोटांना जो चिकट बुळबुळीतपणा लागतो तो याचाच. त्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. हा लगदा पित्ताम्लांना आपल्यात अडकवून पुढे घेऊन जातो. परत आलेली पित्ताम्लं कमी पडली की यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांना घातक ठरणारं कोलेस्टेरॉल, कमी होतं ते असं. पोटातून विष्ठेबरोबर निघून गेलेल्या पित्ताची भरपाई धमन्यांतून वाहणाऱ्या रक्ताला करावी लागते, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ थक्क होऊन बसलो होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले आर. डी. शर्मा यांनी 1984 साली पांढऱ्या उंदरांना मेथी देऊन त्यांचं कोलेस्टेरॉल उतरतं हे दाखवलं आणि पुढे माणसांवरही मेथीचे प्रयोग केले. उडदाची बाजू केरळ विद्यापीठात पी. ए. कुरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली. 1970च्या दशकापासून पुढे अनेक वर्षं त्यांनी उडदातल्या पचायला कठीण कर्बोदकांचा आणि चोथ्याचा उंदरांच्या रक्तातल्या स्निग्धांवर होणारा परिणाम मोजला. उडदातल्या या भागाने कोलेस्टेरॉल खाली येतं असं त्यांना आढळलं. हरभऱ्यावरचं काम आग्र्याचं. तिथले डॉ. के. एस. माथुर यांनी 1964 साली उंदरांवर आणि 1968 साली माणसांवर ते प्रसिद्ध केलं. माणसांच्या प्रयोगात आहारात लोणी भरपूर होतं आणि धान्याच्या जागी हरभरा दिला होता. तरीही कोलेस्टेरॉल उतरलं. डिचोलीत सणाला मणगणं होतं, त्यात चण्याची डाळ नारळाच्या रसात शिजते. चण्याचा रोस तर रोजचाच. ही जोडी इथल्या स्वयंपाकात फार जुनी आहे.

कुरुप आणि त्यांचे सहकारी टी. राजमोहन यांनी आणखी एक काम केलं, आणि नारळ खाणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यायला हवं. त्यांनी खोबरेल आणि खोबरं या दोन वेगळ्या वस्तू मानल्या. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात 33 ग्रॅमच्या आसपास स्निग्ध असतं, पण सोबत 9 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो आणि थोडं प्रथिनही. 1999 साली त्यांच्या गटाने दाखवलं की उंदरांना खोबरेलाबरोबर खोबऱ्यातलं प्रथिन दिलं तर खोबरेलाने वाढणारी रक्तातली स्निग्धं तेवढी वाढत नाहीत. नारळाच्या चोथ्यावरही त्यांनी वेगळे प्रयोग केले. सशांनी 1965 साली जे सांगितलं तेच उंदरांनी केरळच्या भाषेत पुन्हा सांगितलं.

मुंबईतूनही सशांच्या त्या प्रयोगाच्या सुमारास एक कोडं पुढे आलं होतं. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून 1967 साली लिहिलं की हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने होणारे मृत्यू दक्षिणेत उत्तरेपेक्षा सुमारे सातपट आहेत. आणि स्निग्ध कितीतरी पटींनी जास्त खात होते ते उत्तरेकडचे लोक. मल्होत्रांनी बोट ठेवलं ते दुधातुपातल्या आखूड साखळीच्या मेदाम्लांवर. नोंदींच्या अशा अभ्यासावरून कारण ठामपणे ठरवता येत नाही, आणि त्यांचं स्पष्टीकरण पुढे सर्वमान्य झालं नाही. पण ‘आखूड साखळीची मेदाम्लं’ हे शब्द अर्ध्या शतकाने हृदयविज्ञानात परत आले, आणि या वेळी ती तुपातून येत नव्हती. ती आपल्या आतड्यात तयार होत होती.

हा चोथ्याचा दुसरा मार्ग. लहान आतड्यात जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं, आणि तिथे अब्जावधी जिवाणू वाट बघत असतात. ते चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं बनवतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. उरलेली आम्लं रक्तात उतरून दूरवर जातात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बेकर संस्थेत फ्रान्सिन मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली उच्च रक्तदाब निर्माण केलेल्या छोट्या उंदरांना भरपूर चोथ्याचं खाद्य दिलं, तर काहींना नुसतं ॲसिटेट दिलं. दोन्ही गटांत रक्तदाब उतरला, हृदयाचा स्नायू कमी जाड झाला, त्यात दाठर धागे कमी साचले. चोथा स्वतः हृदयाजवळ कधीच गेला नव्हता. गेलं होतं ते जिवाणूंनी त्याच्यापासून बनवलेलं आम्ल.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फेडेरिको रे यांच्या प्रयोगशाळेने आणखी नेमका प्रश्न विचारला. त्यांनी जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवलेले, धमन्या सहज बिघडणाऱ्या जातीचे छोटे उंदीर घेतले. त्यांच्या आतड्यात काही मोजके जिवाणू सोडले; एका गटात रोझबुरिया इंटेस्टिनालिस हा ब्युटिरेट बनवणारा जिवाणू होता, दुसऱ्यात नव्हता. धमन्यांतले थर कमी झाले ते रोझबुरिया होता आणि खाद्यात वनस्पतींचा चोथाही होता अशाच उंदरांत. नुसता जिवाणू असून उपयोग झाला नाही, आणि तो जिवाणू नसताना नुसत्या चोथ्यानेही तो परिणाम साधला नाही. पेरणीला बियाणं आणि ओल दोन्ही लागतात, तसं हे.

आणि ओल फार दिवस मिळाली नाही तर? स्टॅनफर्डच्या सोननबर्ग दांपत्याने 2016 साली याचं उत्तर दिलं, आणि ते वाचून मन धास्तावतं. माणसाचे जिवाणू आतड्यात वसवलेल्या उंदरांना त्यांनी पिढ्यान् पिढ्या चोथाविरहित खाद्य दिलं. पहिल्या पिढीत काही जिवाणू कमी झाले, पण चोथा परत दिल्यावर बरेचसे परतले. चौथ्या पिढीपर्यंत कित्येक जाती पूर्ण नाहीशा झाल्या आणि मग चोथा देऊनही त्या आल्या नाहीत, कारण परत यायला कुणी उरलंच नव्हतं. त्याच वर्षी मिशिगनमधल्या प्रयोगांत दिसलं की चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा संरक्षक चिकट थरच खायला लागतात.

इथे उकड्या तांदळाचा विषय काढावाच लागेल. पेडणे, डिचोलीतल्या जुन्या माणसांची सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेने होते. भात टरफलासकट उकडून, वाळवून मग कांडला की कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात. आणि शिजून थंड झालेल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट बसतो की लहान आतड्यातल्या पाचकरसांना तो फोडता येत नाही. हे न पचणारं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन चोथ्याचंच काम करतं, जिवाणूंचं अन्न होतं. तांबडा कोंडा दाण्यावर राखून ठेवलेला असेल तर फायदा अधिक. गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केलेल्या 100 ग्रॅम तांदळात चोथा 3 ग्रॅमच्या आतच राहतो. भातकापणीनंतर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळी, घेतात, त्यांच्या 100 ग्रॅम सुक्या दाण्यांत तो 11 ग्रॅमच्या आसपास असतो. एकाच वाफ्यातली दोन पिकं आणि ताटातही शेजारी, भात आणि अळसांद्यांचं टोणक.

आता ती पुन्हा घडलेली चूक. चरबीयुक्त आहाराने उंदीर कसे लठ्ठ होतात, हृदय कसं बिघडतं, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. यांतल्या असंख्य प्रयोगांत वापरलं जाणारं एक प्रसिद्ध खाद्य असं असतं की त्यातली 60 टक्के ऊर्जा स्निग्धातून येते, आणि ते स्निग्ध बहुतांशी डुकराची चरबी. त्यात चोथा म्हणून असतं ते थोडंसं शुद्ध सेल्युलोज. तुलनेला ठेवलेल्या उंदरांना मात्र कित्येकदा नेहमीचं, धान्य आणि घासाचं, चोथ्याने समृद्ध खाद्य दिलेलं असतं. दोन गटांत जो फरक दिसतो तो चरबी वाढल्याने किती आणि चोथा गेल्याने किती, हे अशा प्रयोगातून कळूच शकत नाही. अलीकडच्या वर्षांत संशोधकांनी हा गोंधळ नीट दाखवून दिला. जिवाणूंत दिसणारे बरेचसे बदल चरबीमुळे नव्हे, तर नेहमीचं खाद्य बदलून शुद्ध घटकांचं दिल्याने होतात. क्रिचेव्स्कींनी 1965 साली सांगितलेलं इतक्या लोकांनी न वाचता प्रयोग केले, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

उंदरांच्या गोष्टी माणसाला जशाच्या तशा लागू होत नाहीत. रॅट जातीच्या उंदराला पित्ताशयच नसतं. रॅट आणि माऊस दोन्ही जातींत रक्तातलं कोलेस्टेरॉल एका कणातून दुसऱ्यात नेणारं सीईटीपी हे प्रथिन नसतं, म्हणून त्यांचं कोलेस्टेरॉल मुख्यतः एचडीएलमध्ये राहतं. सशात ते प्रथिन भरपूर असतं. आणि चोथा शुद्ध करून डब्यात भरला की तो नेहमीच निरुपद्रवी राहतो असंही नाही. 2018 साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या प्रयोगांत, जिवाणूंना ओळखणारं एक जनुक नसलेल्या उंदरांना इन्युलिन हा शुद्ध चोथा दीर्घकाळ दिल्यावर त्यांतल्या काहींना कावीळ आणि यकृताचा कर्करोग झाला. आपल्या घराला याची भीती बाळगायचं कारण नाही. पण चोथ्याची पूड विकत घेऊन मैद्याच्या जेवणावर भुरभुरणं आणि अळसांदे खाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माणसांवरचा पुरावाही सरळ रेषेत चालत नाही. वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2033 पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला, 1989 साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना धान्याचा चोथा वाढवायला सांगितलं त्यांचे मृत्यू दोन वर्षांत कमी झाले नाहीत. ज्यांना तेलकट मासळी खायला सांगितलं त्यांचे 29 टक्क्यांनी कमी झाले, बांगड्याच्या जातीची मासळी धरून. मात्र त्याच गटाच्या पुढच्या प्रयोगात मासळीला ते यश मिळालं नाही. चोथ्याच्या बाजूने मोठं वजन पडलं ते 2019 साली. शेकडो अभ्यास एकत्र करून ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीत, सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांत हृदयविकाराने आणि एकूणच होणारे मृत्यू सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले. दिवसाला 25 ते 29 ग्रॅम चोथ्याने पुरेसा फायदा दिसत होता.

गोव्याला हा विषय का लागतो, ते एका आकड्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत सर्वाधिक गोव्यात निघालं: 26.4 टक्के. मधुमेह हृदयविकाराचा सख्खा सोबती. याचं एकच कारण कुणी सांगू नये. पण पेजेची जागा पांढऱ्या भाताने घेतली, पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, कोंड्याच्या पोईपेक्षा मैद्याच्या पावाची मागणी वाढली, आणि अळसांदे सणावारापुरते उरले, हे डोळ्यांसमोर घडलं आहे.

नारळाच्या बाबतीत तर एकाच घरात, एकाच दुपारी दोन्ही प्रयोग चालू असतात. सोलकढीसाठी नारळाचा रस काढतात तेव्हा स्निग्ध रसात उतरतं आणि चोथा पिळून टाकला जातो, बहुतेकदा गुरांच्या घमेल्यात. उडदामेथीच्या वाटपात मात्र चव अख्खाच जातो, त्याचा चोथा, उडदाचा चोथा, मेथीचा डिंक सगळ्यासकट. मेथी त्यात चमचाभरच असते, प्रयोगातल्या उंदरांना खाद्याचा मोठा हिस्सा मेथी मिळे. तेव्हा कालवणाला औषध समजू नये. तरी मला फार वाटतं की कुणी तरी हा प्रयोग नीट करावा. हॅम्स्टर घ्यावेत, कारण त्यांच्या शरीरात कोलेस्टेरॉल बरंचसं माणसासारखं वागतं. सगळ्यांना नारळातलं स्निग्ध अगदी समान द्यावं. एका गटाला ते गाळलेल्या रसातून, दुसऱ्याला अख्ख्या वाटलेल्या खोबऱ्यातून, तिसऱ्याला उडीद-मेथी घातलेल्या वाटपातून, आणि तुलनेच्या खाद्यात या वेळी चोथ्याचा हिशेब चुकू देऊ नये. नारळ आणि उडीद इथल्याच बाजारातून घ्यावेत, आणि वाटायला मिक्सर नको, रगडा घ्यावा, कारण चोथ्याचे कण किती बारीक होतात यावरही जिवाणूंना तो किती वेगाने आंबवता येतो हे ठरतं.